पारूताईंची दुनळी

कुणी बंदूक हातात दिली, की आधी ती उघडून बघायची. देणारा म्हणाला रिकामी आहे, तरी उघडायची. आपणच मघाशी भिंतीला टेकवून ठेवली असली, तरी उघडायची. माझ्या बाबांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. अक्षरं शाळेत शिकले, तीही चौथीपर्यंत. बाकीचं सगळं बंदुकीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत.

भिवंडीत बंदुकांचं दुकान होतं, असं सांगितलं की लोक हसतात. भिवंडी म्हणजे लूम आणि कापड. पण आजूबाजूला गावं आहेत, भाताची शेतं आहेत, शेतात रानडुकरं येतात. गावच्या पाटलाकडे, गिरणीवाल्याकडे, लांबच्या वाडीत राहणाऱ्याकडे परवान्याची बंदूक असे. तिला दुरुस्ती लागते, साफसफाई लागते. बाबा त्या दुकानात मिस्त्री होते. आई गेली तेव्हा मी शाळा सोडली. स्वयंपाक करून बाबांचा डबा घेऊन दुकानात जायची आणि तिथेच बसायची. आधी दस्त्याला, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाला, तेल चोळायला शिकले. मग नळीत गज घालून चिंधी फिरवायला. माझं लग्न काही जमलं नाही. बघायला आलेले लोक विचारत, मुलगी काय काम करते, आणि उत्तर ऐकून त्यांचा चहा थंड व्हायचा.

बाबा गेल्यावर मी घरीच बसले असते. पण दुकानाचे मालक, शेठ, टेमघरला आमच्या खोलीवर आले आणि दारातूनच म्हणाले, "काम आता है ना तेरे को? फिर घर में क्यूँ बैठी है?" दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या पाटावर जाऊन बसले. मधे फक्त एक पडदा. गिऱ्हाइकांना वाटे, आत कुणी म्हातारा मिस्त्री आहे. शेठही सांगत, "मिस्त्री देखता है." मला ते बरं वाटे. मला माणसांसमोर बोलता येत नाही. पडद्याआड बसून ऐकता मात्र छान येतं.

दंगलीनंतरच्या वर्षांत घरासाठी बंदूक पाहिजे म्हणून विचारायला येणारे फार वाढले. परवाना कुणाकडेच नसे, पण आधी वस्तू बघायची असे. कामतघरचे एक लूममालक आले. त्यांना लहान पाहिजे होती, उशीखाली मावेल अशी.

शेठ म्हणाले, "सेठजी, चश्मा कहाँ रखते हो रात को?"

"टेबलावर."

"मतलब बंदूक पास में, आँख दूर. पहले कुत्ता पालो. वो भौंकता है, और घरवालों को पहचानता है."

ते रागावून गेले. शेठ आत येऊन मला म्हणाले, "गया गिऱ्हाइक." पण खूश दिसत होते.

खरोखर घ्यायचीच असेल, तर शेठ दुनळी दाखवत. दोन नळ्यांची, बाराबोरची, मधून मोडून उघडणारी. ती उघडली की आत काडतूस आहे की नाही ते दिसतं. घरातल्या कुणालाही दिसतं. लहान पिस्तुलात ते चटकन कळत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात लहान वस्तू कुठेही वळते. मग माप. दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायचं. चपलेचं माप असतं तसं बंदुकीचं असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बापाची बंदूक मुलगा वापरतो आणि खांदा दुखला की बंदुकीला नावं ठेवतो.

बाकी माझं काम म्हणजे लोकांच्या मायेचे परिणाम पुसणं. कुणी पावसाळ्यात जपायची म्हणून चामड्याच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवी. चामडं ओल धरतं, आणि गणपतीत उघडलं की नळी गंजून पिवळी. एका निवृत्त कारकुनांनी तर वर्षभर आपल्या बंदुकीला डोक्याचं खोबरेल लावलं होतं, वासाचं. आतले सगळे भाग चिकटून बसले होते. मी दोन दिवस ते खरवडत होते, आणि खोलीभर लग्नघरासारखा वास.

दसऱ्याच्या आधी सगळ्या बंदुका एकदम येत. शस्त्रपूजा असते ना. पाटावर ठेवून हळद, कुंकू, झेंडूची माळ. ती हळद नळीत जाते, भाताची चार शितंही सापडतात. त्याचं काही नाही. पण आमच्या बाजूला काही घरांत एक समजूत होती, की पूजेला रिकामं शस्त्र ठेवायचं नाही. रिकामं सूप कुणाला देत नाहीत, रिकामी ओटी ठेवत नाहीत, तसंच. म्हणून पूजेआधी दोन काडतुसं भरायची. घरधनी भरायचा आणि दुसऱ्या सकाळी तोच काढायचा. पूजा सगळं घर बघायचं. काढताना कुणी बघत नसे.

पारूताई पहिल्यांदा दुकानात आल्या, त्या दिवाळी उलटून गेल्यावर, एका शुक्रवारी, शेजारचे लूम बंद असताना. वज्रेश्वरीच्या वाटेवर त्यांची वाडी होती, भाताची गिरणी होती. नवरा वारला होता. माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, वारसाच्या नावावर परवाना होईपर्यंत दुकानात नाहीतर चौकीत जमा करावी लागते. त्यासाठी त्या ती गोधडीत गुंडाळून, एसटीत दोन गुडघ्यांमधे उभी धरून घेऊन आल्या होत्या.

मी पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकला. "मी बाप्याशी न्हाय बोलनार. आत कोन बाई हाय काय?"

शेठ म्हणाले, "आत मिस्त्री है."

"मिस्त्रीच्या हातात बांगड्या वाजतायत," ताई म्हणाल्या आणि पडदा सारून सरळ आत आल्या.

उंच, काळ्या, डोक्यावरून पदर. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली. मी नेहमीप्रमाणे उघडली. दोन्ही नळ्यांत काडतूस. लाल, नवी, जिवंत.

मी ती काढून त्यांच्यापुढे धरली.

"अगो, ती दसऱ्याची," त्या म्हणाल्या. "तो आजारी होता, म्हनून यंदा मीच पूजा केली. तो भरायचा तशी भरली. रिकामं कुनी पूजतं काय?"

"आणि काढायची?"

त्या गोधडीवर हात फिरवत म्हणाल्या, "काढतात व्हय?" मग ती बाजूला सारून म्हणाल्या, "एसटीत माझ्या शेजारी लेकुरवाळी बसली होती."

त्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला. मी आपणहून चहा मागवलेलं पहिलंच माणूस ते.

परवाना व्हायला वर्षावर वेळ गेला. तोवर बंदूक माझ्याकडे होती, आणि तिला बघायच्या निमित्तानं ताई महिन्या दोन महिन्यांनी येत. येताना सुकट, काकड्या, कधी तांदळाच्या भाकऱ्या. बंदुकीकडे एकदा बघत आणि मग माझ्याशी बोलत बसत. खरं म्हणजे त्या बोलत आणि मी ऐकत असे. मुलगा ठाण्याला कारखान्यात होता. तो म्हणे, आई, वाडी बंद कर आणि माझ्याकडे ये. त्यांना जायचं नव्हतं.

"घर बंद ठेवलं की भाऊबंदांचं कुंपन चालायला लागतं," त्या म्हणत. "नि त्याच्या खोलीत मी झोपू कुठं? सून बिचारी बाहेर कपडे बदलते."

"मग मुलगा काय म्हणतो?"

"म्हनतो, एकटी कशी ऱ्हाशील. मी म्हनते, बंदूक येऊ दे."

म्हणजे त्यांचं त्या घरात राहणं त्या दुनळीवर ठरलेलं होतं. ते कळल्यावर मी त्यांना नीट शिकवायचं ठरवलं.

पण माप बसेना. नवरा सहा फुटी. दस्ता कोपराला टेकवला की ताईंचं बोट चापाच्या अलीकडेच राही. शेठनं बघून सांगितलं, "काटना पडेगा." मी आरी घेतली आणि हात थांबला. त्या लाकडावर त्यांच्या नवऱ्याच्या गालाचा डाग होता. वर्षानुवर्षं गाल टेकून तिथलं पॉलिश उडालेलं.

"काप गो," ताई म्हणाल्या. "तो काय आता मापाला येनार न्हाय."

मी कापला. त्यांनी तो लाकडाचा तुकडा उचलला, हुंगला आणि पदराच्या टोकात बांधला.

शिकवायचं म्हणजे वाजवायचं नाही. वाजवून झालेली रिकामी काडतुसं आत घालायची, म्हणजे चाप ओढला तरी आतल्या खिळीला धक्का बसत नाही. पहिलं, पदर खोचायचा. नाहीतर उघडलेल्या नळ्यांच्या फटीत तो सापडतो. दुसरं, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट, सैल ठेवला तर लाथ मारतो. बोट चापाबाहेर सरळ. बंदूक एका जागी, काडतुसं दुसऱ्या जागी कुलपात, आणि किल्ली कनवटीला. दसऱ्याला पूजा रिकाम्या बंदुकीची करायची, आणि मन मानत नसेल तर शेजारी दोन काडतुसं पानावर ठेवायची. यावर त्या म्हणाल्या, "शेजारी चालंल. देवालाबी दिसतंय की."

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोण आहे ते तोंड बघून कळल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. विचारायचं, थांबायचं, उत्तर ऐकायचं. दारात येणारं माणूस बहुतेक वेळा आपलंच असतं. बाबा म्हणत, चोर वर्षात एकदा येईल, घरची माणसं रोज येतात.

परवाना झाला. ताई बंदूक घेऊन गेल्या. मग भेटी दसऱ्याच्या आधी आणि निवडणुका आल्या की होत, कारण तेव्हा सगळ्यांना बंदुका जमा कराव्या लागत. असं बरीच वर्षं चाललं. मी भाद्रपद लागला की वाट बघायला लागायची. माझ्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं. दुकानात दिवसभर भिंतीपलीकडच्या लूमची खटखट, इतकी की हळू बोललेलं चार हातांवर ऐकू येत नसे. शुक्रवारी लूम बंद असत, तेव्हा कानांत पाणी गेल्यासारखं वाटे. ताई आल्या की त्या खटखटीच्या वर आवाज चढवून बोलत, आणि ते दिवसभर माझ्या डोक्यात राही.

त्यांनी बंदूक कधी वाजवली नाही. एकदा गिरणी फिरवणाऱ्या पट्ट्यावर डोळा ठेवून दोघेजण कुंपणाशी घोटाळत होते, तेव्हा ताई ती घेऊन ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या. एवढंच. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हातारीकडे दुनळी आहे.

मग एका वर्षी त्या आल्या त्या उंबऱ्याला अडखळल्या. पुढच्या वर्षी चहाचा कप धरताना त्यांचा हात कपाच्या बाजूला गेला. विचारल्यावर म्हणाल्या, डॉक्टरकडे जाऊन आले, मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधानं राखायचं.

"हात चांगला हाय पन," त्या म्हणाल्या. "आन ती. बघ."

मी साफ केलेली बंदूक उघडली, बघितली, वाजलेली दोन काडतुसं घातली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदर खोचला. दस्ता खांद्याला लावला, सगळं जागच्या जागी. नळ्या मागच्या दाराकडे, ते बंद होतं, पलीकडे आमचं अंगण आणि नळ. मी तेलाचे हात धुवायला बाजूच्या बोळातून अंगणात गेले. हात धुतले, आणि बोळातून वळसा कशाला घ्यायचा, म्हणून मागचंच दार ढकलून आत आले.

दुपार होती, माझ्या पाठीवर ऊन. ताई तशाच उभ्या होत्या, बंदूक खांद्याला.

"कोन हाय?" त्या ओरडल्या.

"मी," मी म्हणाले.

माझा आवाज तो केवढा. लूमनं तो खाल्ला.

ताईंनी चाप ओढला.

आतला घोडा पडल्याचा आवाज त्या खटखटीत ऐकू यायला नको होता. पण आला. ताईंनी बंदूक खाली घेतली, उघडली, काडतुसं काढून पाटावर ठेवली, जसं शिकवलं होतं तसं. आणि हसून म्हणाल्या, "बघ, हलले न्हाय. कोन होता गो तो, चहावाला?"

"मी होते, ताई."

त्यांचं हसू गेलं. "तू बोलली न्हाईस."

"बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्या पाटावर बसल्या. मागच्या दाराकडे, उन्हाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा पोरगा मागच्या दारानंच येतो. ल्हानपनापासून. पुढून यायची सवयच न्हाय त्याला."

मी बंदूक त्यांच्या हातातून घेतली.

"ठेवू का गो मी ही?" त्यांनी विचारलं.

हे त्यांनी शेठला विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला विचारलं. मी चिंधी घेऊन नळी पुसत बसले, ती पुसलेलीच होती. ठेवा, पण काडतुसं घरात ठेवू नका, असं सांगता आलं असतं. तेही खोटं नव्हतं. मग भाद्रपदात त्या आल्या असत्या. बंदूक नसेल तर बंदुकीच्या दुकानात बाईमाणसाला येण्याचं कारण काय? हे सगळं मला त्या पुसण्यात दिसत होतं.

"नका ठेवू," मी म्हणाले. या वेळी मोठ्यानं म्हणाले.

ताईंनी मान हलवली. "मंग मी एकटी काय करू तिथं?"

एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी येते तुमच्याकडे राहायला. मला कोण होतं इथं? टेमघरची भाड्याची खोली आणि हे काम. वज्रेश्वरीहून रोज एसटीनं येता आलं असतं. पण माणसानं बोलावल्याशिवाय तसं म्हणायचं कसं? त्यांना नको असेल तर? तेवढ्यात शेठनं पुढून हाक मारली, "मंदा, वो बारह नंबर तैयार है क्या?" मी उठले. परत आले तेव्हा ताई गोधडीची घडी घालत होत्या.

बंदूक विकायला दुकानातच राहिली. दस्ता आखूड, कुणा पुरुषाच्या मापाची नाही, म्हणून लवकर गेली नाही. मी दसऱ्याला ती बाकीच्यांबरोबर पुसायची. शेवटी मुरबाडकडचा एक माणूस आला, त्याच्या दस्त्याला मी मागून लाकडाचा जोड दिला, आणि ती गेली.

ताईंचा निरोप एका गिऱ्हाइकाबरोबर आला. ये एकदा म्हणून. एका शुक्रवारी मी एसटीत बसले. मनात ठरवून गेले होते, की या वेळी ते वाक्य बोलायचं. खोलीच्या मालकाला काय सांगायचं तेही ठरवलं होतं.

वाडीच्या ओट्यावर तीन मुलं पाढे म्हणत होती. आत कुणाची तरी सासू लसूण सोलत बसली होती. ताईंनी आश्रमशाळेतल्या एका मास्तरांना पडवीकडच्या दोन खोल्या राहायला दिल्या होत्या. मास्तर, त्यांची बायको, आई, मुलं. दोरीवर एवढे कपडे की मागचं दार दिसत नव्हतं.

"आता चोर आला तर त्याला उभं ऱ्हायला जागा न्हाय," ताई म्हणाल्या, आणि सगळी हसली. मीसुद्धा.

त्यांनी मला वालाचं बिरडं वाढलं, भाकरी वाढली. मास्तरांच्या बायकोनं विचारलं, "या कोण?" ताई म्हणाल्या, "माझी मिस्त्रीन." धाकटी मुलगी ताईंच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. ताई तिचं तोंड हातानं चाचपून पुसत होत्या. मला फार बरं वाटलं, हे मी खरं लिहिते. ते वाक्य मात्र आता कुणाला लागत नव्हतं.

दुपारनंतर त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. मोठी मुलगी त्यांचं बोट धरून चालत होती. एसटीची वाट बघताना ताईंनी एकदम विचारलं, "तुझ्या दाराला काय हाय गो?"

"म्हणजे?"

"आतून. कडी हाय का अडसर?"

"कडी आहे."

"नि कुनी दार ठोकलं, तू हाक मारलीस, तर येतंय कोन?"

एवढी वर्षं मी लोकांच्या दारांचं, खिडक्यांचं, भीतीचं ऐकत आले होते. मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी शेजारच्या खोल्या आठवून बघितल्या. एका बाजूला लूमवर शिफ्ट करणारी मुलं, ती दर काही महिन्यांनी बदलत. दुसऱ्या बाजूची खोली बंद.

"एसटी आली," मी म्हणाले. ती खरंच आली होती.

मी आत चढून खिडकीशी बसले. ताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, उन्हापासून डोळ्यांवर हात धरून. गाडी सुटली तेव्हा त्या हात हलवायला लागल्या, माझ्या पुढच्या खिडकीकडे बघून. तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी गोंधळून मागे बघितलं. मी हात बाहेर काढून हलवला, आणि गाडी वळेपर्यंत तसाच ठेवला.